विजापूर एका दिवसात, सांगलीतून प्रायव्हेट गाडी + गाईड : घ्यावा का नको?

हळदीची_पेठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

बाबा रिटायर्ड इतिहासाचे मास्तर. तासगाव तालुक्यात आख्खी नोकरी गेली, आदिलशाही किती बॅचना शिकवली असेल देव जाणे, पण स्वतः विजापूर एकदाच बघितलं, तेपण शाळेच्या सहलीत, आणि ते म्हणतात की मी गोलघुमट बघितलाच नाही, मी पोरं मोजली, एसटीत चढताना बावन्न आणि जेवायच्या वेळी एक्कावन्न, बावन्नावं सापडेपर्यंत दुपार गेली. तर आता त्यांना नीट, निवांत दाखवून आणायचंय. वय ७४, एका गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय, दुसरा कुरकुरतोय. सोबत आई, मी, आमचे हे आणि दोन पोरं (११ आणि ७).

इथल्या एका ट्रॅव्हल्सवाल्यानं कोट दिलाय. सात सीटर गाडी फक्त आपल्यासाठी, ड्रायव्हर, विजापुरात दिवसभर गाईड, सकाळी सहाला घरातून पिकप आणि रात्री नऊपर्यंत परत, साडेअकरा हजार, जेवण आणि तिकिटं आपली. नाव काय दिलंय तर "रॉयल पॅलेस डे टूर". ह्यांचं म्हणणं की आपली गाडी काढू, गाईड तिथं गेटवर मिळतोच, उगाच पैसे घालवायचे नाहीत. बाबांचं म्हणणं मला गाईड नकोच, मीच तुम्हाला सांगतो. (हीच भीती आहे खरंतर 😄)

एका दिवसात होतं का, गाईड घ्यावा का, आणि राजवाड्यांचा जो भाग आहे अर्ककिल्ल्यात, गगन महाल वगैरे, तिथं बघण्यासारखं काय शिल्लक आहे का नुसत्या भिंती, हे कुणी जाऊन आलेलं असेल तर सांगा.

---

मिरजमार्केट

गाईडबिईड काय नको ओ, गोलघुमटात काय टाळी वाजवायला गाईड लागतो काय. मोबाईलवर व्हिडिओ बघून जावा, साडेअकरा हजारात घरातल्या सगळ्यांना चपला घेऊन होतील, अथणीवरनं जावा आणि येताना तिथंच घ्या, कोल्हापुरी म्हणून जी विकतात त्यातली निम्मी तिकडंच शिवलेली असत्यात.

---

जतचा_भाचा

मामाचं गाव जत, त्यामुळं विजापूर आम्हाला सांगलीपेक्षा जवळ, लहानपणापासून कपडे घ्यायलापण तिकडंच. तुम्हाला सविस्तर सांगतो, जरा लांबेल.

पहिलं रस्ता. दोन आहेत. एक मिरज, कवठेमहांकाळ, नागज फाटा, जत करून, तो नागजपासून पुढं गुहागर-विजापूर रस्ता लागतो. दुसरा मिरज, कागवाड, अथणी, तिकोटा. दोन्हीकडनं दीडशेच्या आतबाहेर किलोमीटर, तीन साडेतीन तास धरा, वयस्कर माणसं आहेत म्हणजे चहाला दोनदा थांबणार, चार धरा. म्हणजे सहाला निघून दहाला पोचणार आणि दहाला गोलघुमटात शाळांच्या सहली घुसलेल्या असतात. आवाज घुमायची जागा ती, त्यात दोनशे पोरं एकदम किंचाळतात, बाबांना पुन्हा बावन्न पोरांची आठवण येईल. पाचला निघा. नाहीतर गोलघुमट सगळ्यात शेवटी ठेवा, साडेचारच्या पुढं.

दुसरं गाडी. प्रायव्हेट भाड्यानं घेताय तर एकच विचारा, नंबरप्लेट पिवळी आहे का आणि दुसऱ्या राज्यात जायचं परमिट आहे का. आपण कर्नाटकात जातोय हे लोक विसरतात, जतच्या पुढं भाषा तशीपण सरमिसळ असल्यामुळं सीमा कधी गेली कळत नाही. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं लावून देणारे भरपूर आहेत, पोलिसानं अडवलं की मग "पाव्हणं हायेत साहेब" सुरू. आणि पाट्यांवर, मॅपवर नाव विजयपुरा दिसेल, २०१४ ला बदललंय, गोंधळू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. गोलघुमटात गाईड लागत नाही हे वरच्या मिरजकरांचं बरोबर. ती इमारत स्वतःच बोलते. आतली खोली एका बाजूला १३५ फूट, चौरस, मधे एक खांब नाही, आणि वर बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट, हे आत पाय ठेवला की अंगावर येतं, सांगायला माणूस नको. महंमद आदिलशाहाची कबर, १६५६ ला तो गेला तेव्हा काम थांबलं. इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची कबर, तिथंपण गाईड नसला तरी चालतं, ते बघायचं काम आहे, ऐकायचं नाही.

पण अर्ककिल्ला वेगळा. तो गावाच्या मधोमध आहे आणि आता तो किल्ला राहिलाच नाही, गाव झालाय. इंग्रजांनी १८८५ ला जिल्ह्याचं ठिकाण कलादगीहून विजापूरला आणलं तेव्हा जुन्या महालांतच कचेऱ्या थाटल्या, चिनी महाल, आनंद महाल सगळे कामाला लावले. आजपण तुम्ही दाखला काढायला आलेल्या माणसांच्या गर्दीतून राजवाडा बघता. एक कमान इथं, एक तलाव तिथं, मधे स्कूटरी लावलेल्या. कुणी सांगितलं नाही तर सात मंजिल नावाच्या महालाच्या बाजूनं तुम्ही चालत जाल आणि पडकी बिल्डिंग समजून पुढं जाल. मी स्वतः वीस वर्षं तसाच गेलो. मग एकदा पुण्याचे पाव्हणे आले होते त्यांच्यासाठी गाईड घेतला, त्या माणसानं भिंतीतल्या मातीच्या नळ्या दाखवल्या, वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढवलेलं, आणि समोर तो छोटा जल मंदिर, आता कोरडा, रस्त्याच्या कडेला, तो पाण्यात उभा असायचा. मग पाणी कुठून आणायचे, तर तोरवीकडनं जमिनीखालनं बोगदे, आणि गावात मधेमधे पाण्याचा दाब मोडायला उंच बुरूज, त्यांना गंज म्हणतात, अजून उभे आहेत, लोकांना वाटतं पहाऱ्याचे आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की हा दुष्काळी मुलूख, आमच्या जतसारखाच, आणि ह्या लोकांनी महालांच्या आधी पाण्याची सोय केली म्हणून महाल उभे राहिले.

म्हणून माझं मत : गाईड घ्या, पण अर्ककिल्ल्यासाठी. दिवसभराचा नको, अडीच तीन तासांचा.

---

अजिंक्यताऱ्याखाली

सातारकर आहे, मधेच घुसतोय. जतच्या भाच्यांनी मस्त लिहिलंय. मास्तर आहेत म्हणून दोन गोष्टी सांगतो, गाईड सांगणार नाही.

१८१८ ला पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी विजापूर साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात दिलं होतं. १८४८ ला सातारचं राज्य खालसा केलं तेव्हा तेपण गेलं. म्हणजे तीस वर्षं गगन महाल आमच्या राजवाड्याच्या कारभारात होता, आता आम्ही विजापूरला जाऊन तिकीट काढतो. पुढं १८५४ ला साहेबाच्या राज्यात तिथली निरुपयोगी म्हणून जी सामानसुमानं विकायला काढली त्यात मुलुख-ए-मैदान तोफपण होती, ५५ टनांचं धूड, बोली आली दीडशे रुपये. नशीब विक्री रद्द झाली.

आणि दुसरी गोष्ट. १२ सप्टेंबर १६८६ ला विजापूर पडलं, शेवटचा सुलतान सिकंदर आदिलशाह औरंगजेबापुढं हजर झाला, पोरगाच होता, अठराएक वर्षांचा. त्यानंतर मरेपर्यंत औरंगजेबाच्या कैदेतच राहिला. आणि मेला कुठं? साताऱ्यात. एप्रिल १७०० मधे, औरंगजेब अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसला होता तेव्हा. मी रोज सकाळी ज्या रस्त्यानं फिरायला जातो त्या खालच्या मैदानात कुठंतरी आदिलशाही शेवटची संपली. त्याच्या इच्छेप्रमाणं नेऊन पुरलं मात्र विजापुरात, त्याच्या गुरूच्या पायाशी, वर छत नाही, घुमट नाही. मास्तरांना सांगा ती कबर विचारत जा.

---

हळदीची_पेठ

@अजिंक्यताऱ्याखाली तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते उठून कपाटातलं पुस्तक शोधायला गेले, अजून आले नाहीत. आता जाणं फिक्स.

@जतचा_भाचा खूप धन्यवाद. गुडघ्यांचं कुणी सांगेल का? गोलघुमटाच्या वर जायला जिने आहेत ना?

---

स्वयंपाकघरातून_सुटका

मी सांगते, मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन गेलेले.

वर जायचं विसरा. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातनं जिना आहे, सात मजले, पायऱ्या उंच आणि अरुंद, वरनं उतरणारी माणसं आणि खालनं चढणारी एकाच जिन्यात, मधे कुठं बसायला जागा नाही. माझेच पाय थरथरत होते. सासूबाई खाली बसल्या आणि खरं सांगू, त्यांना जास्त मजा आली, कारण वरच्या सज्जात आम्ही जे काय बोललो ते त्यांना म्हणे खाली ऐकू आलं, आता काय बोललो होतो ते विचारू नका.

पोरांना एकजण वर घेऊन जा, बाबांसाठी समोरच्या नगारखान्यात म्युझियम आहे तिथं वेळ काढा, शस्त्रं, गालिचे, शिलालेख, चिनी भांडी, इतिहासवाल्या माणसाचा एक तास आरामात जातो. फक्त शुक्रवारी म्युझियम बंद असतं, शुक्रवार सोडून जा. तिकीट गोलघुमट आणि इब्राहिम रोजा दोन्हीकडं वेगळं, आपल्याला पंचवीस पंचवीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या पोरांना नाही.

इब्राहिम रोजा बाबांना सगळ्यात सोपं पडेल, एका जोत्यावर कबर आणि मशीद समोरासमोर, मधे हौद, झाडं, सावली. चढायच्या पायऱ्या मोजक्या. तिथं दगडाच्या जाळ्यांत अक्षरं कोरलीत ती बघायला दुपारी दीडदोनला जा, बाहेर ऊन मारतं तेव्हा आत थंड असतं. असर महालात बायकांना आत सोडत नाहीत म्हणून आम्ही बाहेरनंच बघितला, आधी माहीत असलेलं बरं, तिथं जाऊन भांडण नको. उपली बुरूज चढू नका, जिना बाहेरनं आहे आणि धरायला फारसं काही नाही.

जेवण : हॉटेलात नका बसू, खानावळ शोधा, लिंगायत खानावळी आहेत, कडक भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं ज्याला ते एण्णगाई म्हणतात, ताक. सासूबाई जाताना डबा घेऊन गेल्या होत्या, येताना डबा भरून आणला. संडासची सोय गोलघुमटाला आहे, अर्ककिल्ल्यात मात्र नीट जागा शोधत बसावं लागतं, आईंना आधी सांगून ठेवा.

---

पुराव्याने_बोला

गाईड घ्या म्हणताय ते ठीक पण कुठला घ्यायचा ते सांगा की. आम्ही गेटवर भेटलेला घेतला, आठशे रुपये. त्यानं दोन तासात मला अफझलखानानं त्रेसष्ट बायका मारल्या, विजापुरातनं आग्र्यापर्यंत भुयार आहे, आणि ताजमहाल हा इब्राहिम रोजाची नक्कल आहे, असं सगळं ठासून सांगितलं. साठ कबर नावाची जागा आहे खरी, तिथं ओळीनं कबरी आहेतपण खऱ्या, पण बायका मारल्याची गोष्ट ही दंतकथा आहे, निदान "असं म्हणतात" एवढं तरी म्हण ना बाबा. ताजमहालाचं काम १६३२ ला सुरू झालं, रोजा त्याआधी पाचएक वर्षं पुरा झाला, मलिक संदल नावाचा माणूस त्याच्या कामावर होता. तारखा मागंपुढं आहेत म्हणून नक्कल होत नाही. मी हे विचारलं तर म्हणतो, "सर तुम्ही पुस्तकातलं सांगता, मी इथलं सांगतो." आता ह्याला काय बोलणार.

आणि शिवाजीमहाराजांनी लहानपणी इथंच दरबारात मुजरा केला नाही ती जागापण दाखवली, दोनदा, दोन वेगवेगळ्या.

---

जतचा_भाचा

@पुराव्याने_बोला 😂 दोन जागा म्हणजे कमीच दाखवल्या.

पण मुद्दा बरोबर. गळ्यात पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेला घ्या, गेटवर धावत येणारा नको. आदल्या दिवशी फोनवर बोला, भाषा विचारा, बहुतेक कन्नड आणि हिंदी बोलतात, थोडे मराठीपण बरं बोलतात, शेवटी १९५६ पर्यंत विजापूर मुंबई राज्यातच होतं, जुन्या माणसांना मराठी येते. आणि फोनवर एक प्रश्न टाका : "गगन महाल कुणी बांधला आणि त्याचं छत कुठं गेलं?" पहिला अली आदिलशाह, १५६१ च्या सुमारास, खाली दरबार, वर राहायच्या खोल्या, आणि छत, खांब सगळं लाकडाचं होतं म्हणून आता नुसत्या कमानी राहिल्या. एवढं सांगता आलं तर माणूस बरा. "तिथं खजिना आहे साहेब" म्हणाला तर फोन ठेवा.

ताईंच्या ट्रॅव्हल्सवाल्यालापण हेच विचारा, गाईड कोण आहे. बऱ्याच वेळा ड्रायव्हरच गाईड असतो आणि "रॉयल पॅलेस" म्हणजे गगन महालासमोर पाच मिनिटं, फोटो, चला.

---

मिरजमार्केट

बरं बरं, गाईड घ्या. चपलांचं मात्र विसरू नका.

---

हळदीची_पेठ

जाऊन आलो!! उशिरा लिहितेय, माफ करा, संक्रांतीच्या आधी जायचं ठरवलं होतं पण तेव्हा तिकडं सिद्धेश्वराची जत्रा असते असं कळलं, गर्दी नको म्हणून नंतर गेलो.

ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं गाईड कोण, तर म्हणाला "मॅडम आमचा ड्रायव्हर एकदम अनुभवी आहे". जतच्या भाच्यांना साष्टांग. त्याच्याकडनं मग नुसती गाडी घेतली, पिवळी पाटी बघून, ह्यांना गाडी चालवायची नव्हती म्हणजे तेपण बघायला मोकळे. साडेसहा हजारात ठरली, डिझेल धरून. गाईड वेगळा, आदल्या दिवशी फोनवर, तीन तासांचे पंधराशे. साठीचे गृहस्थ, छत्री घेऊन आले, ऊन म्हणून. छताचा प्रश्न विचारला तर फोनवरच दहा मिनिटं बोलले, त्यामुळं निवड झाली.

पाचला निघायचं सव्वापाच झालं, साडेआठला गोलघुमट. आत आम्ही आणि साताठ माणसं फक्त. हे पोरांना घेऊन वर गेले, आम्ही खाली. बाबा मधोमध उभे राहिले आणि काही न बोलता एकदा नुसता खोकला काढला, तो खोकला वरनं फिरून फिरून परत आला, आणि ते हसले. एवढंच. मग म्युझियममधे दीड तास.

अर्ककिल्ल्यात काय झालं ते सांगते. मला भीती होती की बाबा आणि गाईड भांडतील. पहिली वीस मिनिटं झालंच तसं, गगन महालासमोर, तो म्हणतोय सिकंदरला चांदीच्या बेड्या घालून इथं आणला, बाबा म्हणतायत बेड्या कुणी लिहिल्यात ते सांगा. मग बाबांनी त्यांना साताऱ्याची गोष्ट सांगितली, की तो तिकडं आमच्याकडं मेला. त्या गृहस्थांना हे माहीत नव्हतं. ते छत्री मिटवून कमानीच्या सावलीत बसले आणि बाबांना म्हणाले, आता तुम्ही सांगा. झालं, पुढचा अर्धा तास बाबांचा तास. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. दाखल्याच्या रांगेतले दोघं तिघं येऊन ऐकत उभे राहिले, त्यांना मराठी किती कळलं माहीत नाही.

मग ते म्हणाले चला, कबर बघायची ना. ती त्यांच्या नेहमीच्या फेरीत नाही, लोक विचारत नाहीत म्हणे. गाडी एका जागी सोडली, त्यांनी दोनदा वाटेत विचारलं, शेवटी सापडली. खरंच वर काही नाही. उघडं आभाळ, साधी कबर. सकाळी बघितलेल्या त्या अवाढव्य घुमटाच्या माणसाचा हा नातू. बाबा चप्पल काढून उभे राहिले. धाकटा विचारतो, ह्याच्यावर घुमट का नाही बांधला, तर बाबा म्हणाले बांधणारे उरले नव्हते रे.

त्या दिवशी मुलुख-ए-मैदान राहिली, बारा कमान राहिली, ताज बावडी राहिली. इब्राहिम रोजा दुपारी झाला, सांगितल्यासारखाच थंड. गाईडनं तीन तासांच्या वरचे पैसे घेतले नाहीत, बाबांचा फोन नंबर घेतला. आता रोज रात्री नऊला फोन असतो, आईची मालिका बंद.

चपला अथणीला घेतल्या, पाच जोड. एक जोड चावतेय.